जपानी एव्ही अभिनेत्रीचं करिअर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जपानबद्दल काहीही लिहा, सुमो असो की बुलेट ट्रेन, पाठोपाठ एव्हीवरचे, म्हणजे तिथल्या अॅडल्ट व्हिडिओंवरचे, प्रश्न येतातच. काही कुतूहलाचे, काही चावट, काही खरोखर काळजीचे. चावटांना इथे काही मिळणार नाही: दुवे नाहीत, याद्या नाहीत. बाकीच्यांसाठी उत्तरं एकत्र केली आहेत. क्रमाने वाचायची गरज नाही. जिथे एक उत्तर दुसऱ्याला चिकटलेलं आहे तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. एव्ही म्हणजे ब्लू फिल्मच ना? वेगळं नाव कशाला?

ब्लू फिल्म म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे येतो तो चोरून फिरणारा, कुणी काढला याचा पत्ता नसलेला माल. एव्ही, म्हणजे अॅडल्ट व्हिडिओ, हा उजळ माथ्याने विकला जाणारा उद्योग आहे. वेष्टनावर कंपनीचं नाव असतं, किंमत असते, अभिनेत्रीचं नाव ठळक असतं. आधी १९७१ ते १९८८ या काळात निक्कात्सु हा जुना स्टुडिओ थिएटरसाठी कामुक चित्रपट काढत असे, पण त्यात पडद्यावरचा संभोग अभिनयाचा असे. १९८१ च्या सुमारास थेट कॅसेटवर निघणाऱ्या फिती आल्या, घरोघरी व्हीसीआर आले आणि हा धंदा वेगळा झाला. पुढे कॅसेटची जागा डीव्हीडीने घेतली, आता बहुतेक विक्री ऑनलाइन होते.

२. इतकं सगळं दाखवतात, मग मधेच तो धूसर चौकडा कशासाठी?

त्याला मोझॅक म्हणतात आणि तो जपानी दंड संहितेच्या कलम १७५ मुळे आहे. ही संहिता १९०७ ची. अश्लील वस्तूंचं वितरण तिच्यानुसार गुन्हा आहे, पण अश्लील म्हणजे काय ते कलमात लिहिलेलं नाही. जननेंद्रियं झाकली की चालतं, असा समज धंद्यात रूढ झाला आणि झाकणं पुरेसं आहे की नाही हे तपासायला उद्योगाने स्वतःच परीक्षण संस्था उभ्या केल्या. या संस्थांचा शिक्का म्हणजे सरकारी परवाना नव्हे. २००७ मध्ये पोलिसांनी त्यातल्या सर्वांत जुन्या संस्थेवरच छापा घातला, कारण मोझॅक फारच विरळ होऊ दिला असा आरोप होता.

३. जपानमध्ये वेश्याव्यवसायाला बंदी आहे ना? मग हे कायदेशीर कसं?

१९५६ चा कायदा पैसे घेऊन ‘कोणाही’ व्यक्तीशी केलेल्या संभोगाला मनाई करतो. एव्हीवाल्यांचं म्हणणं असं की इथे पैसे जोडीदार देत नाही, निर्माता देतो, आणि समोरचा नटही आधीच ठरलेला असतो. या युक्तिवादावर दशकं गेली. २०२२ च्या नव्या कायद्यातही (प्रश्न १०) स्पष्ट लिहिलं आहे की जे आधी बेकायदा होतं ते या कायद्यामुळे कायदेशीर होत नाही. म्हणजे दार उघडलेलंही नाही आणि बंदही केलेलं नाही.

४. या मुली यात येतात तरी कशा?

पूर्वी शिबुया-शिंजुकूच्या रस्त्यावर ‘स्काउट’ उभे असत: मॉडेलिंग करणार का, केसांच्या जाहिरातीत दिसणार का, अशी सुरुवात. रस्त्यावरच्या अशा भरतीला आता टोकियोच्या नियमांनुसार बंदी आहे. आज बऱ्याच जणी स्वतः एजन्सीच्या संकेतस्थळावर अर्ज करतात, काही गाणाऱ्या-नाचणाऱ्या मुलींच्या ‘आयडॉल’ गटांतून येतात.

एजन्सीने घेतलं की निर्मात्या कंपन्यांची फेरी सुरू होते. प्रत्येक कंपनीत एक छापील तक्ता समोर येतो: वय, उंची, मापं, अनुभव आणि मग कामांची लांबलचक यादी. प्रत्येक कामापुढे गोल, त्रिकोण किंवा फुली करायची. गोल म्हणजे चालेल, फुली म्हणजे नाही, त्रिकोण म्हणजे बोलून ठरवू. वादांची मुळं पुष्कळदा या त्रिकोणांत सापडतात. आधी एजन्सीचा माणूस, मग कंपनीचा, मग दिग्दर्शक अशा हातांतून तो कागद जातो आणि विशी-एकविशीतल्या मुलीने संकोचून काढलेला त्रिकोण वाटेत गोल होतो.

५. तानताई, किकातान असे शब्द दिसतात. ते काय?

करिअरच्या पायऱ्या. तानताई म्हणजे एकाच कंपनीशी बांधलेली, जिच्या नावावर फीत विकली जाते. किकातान म्हणजे नाव आहे, पण अनेक कंपन्यांत काम करणारी. किकाकु म्हणजे नुसत्या कल्पनेवर चालणाऱ्या फितींतली, जिचं नावही वेष्टनावर येत नाही. तानताई म्हणून आलेली कालांतराने किकातान होणं सर्रास घडतं आणि उलटा प्रवासही अधूनमधून होतो. किकातानला तानताईपेक्षा जास्त दिवस काम मिळू शकतं, त्यामुळे ‘खाली घसरली’ असं म्हणायची घाई करू नये.

६. पैसे खोऱ्याने मिळत असतील ना?

मोजक्या तानताईंना मिळतात, बाकीच्यांना नाही. निर्माता पैसे एजन्सीला देतो, एजन्सी आपला वाटा कापून उरलेले अभिनेत्रीला देते. कित्येक वर्षं मूळ रक्कम किती हे अभिनेत्रीला सांगायची पद्धतच नव्हती. आपल्या नावावर कंपनीने काय मोजलं हे तिला ठाऊक नसे. २०१७ नंतर उद्योगाने स्वतःला घालून घेतलेल्या नियमांत पूर्ण रक्कम उघड करणं आलं. जुने तुकडे जोडून नवी संकलित फीत काढली तर त्याचं वेगळं मानधन देण्याची पद्धतही त्याच सुधारणांतली. त्याआधी एकदा पैसे दिले की विषय संपला, फीत वीस वर्षं विकली गेली तरी.

पगार नाही, भविष्य निर्वाह निधी नाही, ती स्वतंत्र व्यावसायिक असते. कपडे, केस, त्वचा यांचा खर्च पुष्कळदा तिचाच. म्हणून प्रसिद्धीचे कार्यक्रम महत्त्वाचे. टोकियोच्या अकिहाबारा भागातल्या दुकानांच्या वरच्या मजल्यावर शनिवार-रविवारी रांग लागते. एक डीव्हीडी घेतली तर हस्तांदोलन, आणखी घेतल्या तर तिच्या शेजारी उभं राहून झटपट छापला जाणारा फोटो, ज्याला तिथे चेकी म्हणतात. त्यावर ती चाहत्याचं नाव लिहून सही करते आणि मागच्या वेळी तो काय बोलला होता ते तिला आठवलं, तर तो पुढच्या वेळी नक्की येतो. माझ्या मते या धंद्यातलं खरं कष्टाचं कौशल्य हे आहे. त्याबद्दल कोणी विचारत नाही.

७. घरच्यांना कळत नाही का?

कळतं. जपानीत त्याला मी-बारे म्हणतात, ओळख फुटणं. नाव बदललेलं असलं तरी चेहरा तोच, आणि फीत ऑनलाइन असते. ‘फक्त परदेशात विकू’ किंवा ‘मासिकात फोटो येणार नाही’ ही आश्वासनं इंटरनेटच्या काळात पोकळ आहेत.

मजा अशी की ओळख कधीकधी चेहऱ्याऐवजी कागदावरून फुटते. दिवसा कचेरीत नोकरी करणारी एखादी सुट्टीत शूटिंग करत असेल, तर वर्षाच्या उत्पन्नावर स्थानिक रहिवासी कर बसतो आणि तो पगारातून कापण्यासाठी पालिका कार्यालयाला आकडा कळवते. पगाराच्या मानाने कर जास्त दिसला की हिशेब विभागातल्या माणसाच्या भुवया वर जातात. म्हणून विवरणपत्र भरताना बाहेरच्या कमाईवरचा कर ‘मी स्वतः भरेन’ या चौकटीत खूण करायची, हा सल्ला नवख्या मुलींना हमखास मिळतो.

ऑक्टोबर २०२३ मध्ये उपभोग करासाठी (आपल्या जीएसटीसारखा विक्रीवरचा कर) नवी इन्व्हॉइस पद्धत आली तेव्हा यातूनच ओरड झाली. नोंदणी केली की व्यक्तीचं खरं नाव सरकारी यादीत उघड दिसतं. टोपणनावाने काम करणारे मांगा (जपानी कॉमिक्स) चित्रकार, आवाजाचे कलाकार आणि एव्ही अभिनेत्री त्या वेळी एकाच बाजूला होते.

८. करिअर किती टिकतं?

बहुतेकींचं थोडकं. एक-दोन वर्षं, कित्येकदा काही महिनेच. बाजार नवीन चेहऱ्यावर चालतो, पदार्पणाची फीत सर्वांत जास्त विकली जाते. पण अपवादही ठळक आहेत. योशिझावा आकिहो २००३ मध्ये आली आणि २०१९ मध्ये निवृत्त झाली. मिकामी युआ, आधी एसकेई४८ या लोकप्रिय गटातली गायिका, २०१५ मध्ये आली आणि १६ ऑगस्ट २०२३ रोजी आपल्या तिसाव्या वाढदिवशी थांबली. तिची निवृत्ती आधीपासून जाहीर होती, एखाद्या क्रिकेटपटूच्या निरोपाच्या मालिकेसारखी आखलेली. चाळिशी-पन्नाशीत पदार्पण करणाऱ्या स्त्रियाही आहेत. प्रौढ स्त्रियांच्या फितींना तिथे स्वतंत्र गिऱ्हाईक आहे.

९. जबरदस्ती होते का? खरं सांगा.

झाली आहे, आणि न्यायालयात व पोलिसांत नोंद आहे. शूटिंगला नकार देणाऱ्या एका तरुणीवर तिच्या एजन्सीने २ कोटी ४६ लाख येनच्या नुकसानभरपाईचा दावा लावला. सप्टेंबर २०१५ मध्ये टोकियो जिल्हा न्यायालयाने तो फेटाळला: असलं काम कोणाकडून तिच्या इच्छेविरुद्ध करून घेता येत नाही. मार्च २०१६ मध्ये ह्युमन राइट्स नाऊ या संस्थेने जबरदस्तीच्या प्रकरणांवर अहवाल काढला. त्याच वर्षी टोकियो पोलिसांनी एका एजन्सीच्या लोकांना अटक केली, तीही कामगार पुरवठ्याच्या कायद्याखाली, कारण या विषयासाठी वेगळा कायदाच नव्हता.

जबरदस्ती म्हणजे खोलीत कोंडणं असं समजू नका. सही झाली आहे, माणसं जमली आहेत, स्टुडिओचं भाडं भरलं आहे, आता नाही म्हणालीस तर खर्च तुझ्या आईकडून वसूल करू, एवढं पुरतं. दुसऱ्या बाजूने, प्रत्येक अभिनेत्री पीडितच असते असं धरून चालणंही चूक. त्यावर प्रश्न १२ पाहा.

१०. २०२२ चा कायदा नेमका काय आहे?

निमित्त झालं सज्ञानतेच्या वयाचं. एप्रिल २०२२ मध्ये ते २० वरून १८ वर आलं. तोवर १८-१९ वर्षांच्या मुलीला ‘मी अज्ञान होते’ म्हणून करार रद्द करता येत असे. तो आधार एका रात्रीत गेला. आरडाओरडा झाला, संसदेने झटपट कायदा केला आणि २३ जून २०२२ पासून तो लागू झाला. वय कितीही असो, स्त्री असो की पुरुष, सर्वांना तो लागू आहे.

प्रत्येक फितीसाठी वेगळा लेखी करार लागतो. करारानंतर एक महिना शूटिंग नाही. शूटिंगनंतर चार महिने प्रकाशन नाही, आणि त्या काळात तयार फीत पाहायचा हक्क. प्रकाशनानंतर एक वर्ष कारण न देता करार मोडता येतो. कायद्याच्या पहिल्या दोन वर्षांतल्या करारांना ही मुदत दोन वर्षांची होती. म्हणजे १ एप्रिलला सही केली तर शूटिंग मे महिन्यात, प्रकाशन सप्टेंबरमध्ये, आणि पुढच्या सप्टेंबरपर्यंत ती मागे फिरू शकते. मोडला तर मानधन परत करावं लागतं, नुकसानभरपाई मात्र देणं लागत नाही, आणि कंपनीने विक्री थांबवायची. मोडू नये म्हणून खोटं सांगितलं किंवा धमकावलं तर तीन वर्षांपर्यंत कैद, कंपनीला १० कोटी येनपर्यंत दंड.

११. करारात लिहिलं आहे, पण ऐन वेळी नको वाटलं तर?

नको म्हणता येतं. करारात असलेलं कामही सेटवर नाकारायचा हक्क कायद्यात आहे आणि त्याबद्दल भरपाई मागता येत नाही. प्रश्न ४ मधले त्रिकोण इथे निकालात निघाले, निदान कागदावर. सेटवर वीस माणसं घड्याळाकडे बघत असताना तो हक्क वापरणं किती सोपं, हे ज्याचं त्याने ठरवावं.

१२. कायदा अभिनेत्रींच्या भल्याचा, मग त्याच का चिडल्या?

कारण त्यांना कोणी विचारलं नाही. कायदा काही आठवड्यांत झाला आणि काम करणाऱ्यांचं म्हणणं नीट ऐकलं गेलं नाही अशी तक्रार अनेकींनी नाव लावून केली. महिना अधिक चार महिने या हिशेबाने कामं रद्द झाली, बदली कलाकार घेणं अशक्य झालं. सर्वाधिक फटका किकातान आणि किकाकु गटाला बसला (प्रश्न ५), कारण त्यांची कमाई महिन्यातल्या अनेक छोट्या कामांवर असते. ज्या कंपन्या आधीपासून नियम पाळत होत्या त्यांच्यावरच ओझं वाढलं आणि नियम न पाळणारे खासगी चित्रीकरणवाले मोकळे राहिले, असंही त्या म्हणाल्या. पीडितांसोबत काम करणाऱ्या काही संस्थांना मात्र कायदा अपुरा वाटतो. कॅमेऱ्यासमोरच्या खऱ्या संभोगावरच बंदी हवी, असं त्यांचं म्हणणं.

मला दोन्ही बाजूंचं थोडं थोडं पटतं. पण मागे फिरायची मुदत काढून टाका, असं कोणी म्हणालं तर मी ते मान्य करणार नाही.

१३. फीत २०२२ च्या आधीची असेल तर?

नव्या कायद्याची एका वर्षाची मुदत तिला मिळत नाही. तिथे उपयोगी पडते ती उद्योगातली व्यवस्था: २०१७ मध्ये वकील-अभ्यासकांची मानवी हक्क आणि नीतिमत्ता संस्था स्थापन झाली आणि प्रकाशनाला पाच वर्षं झालेल्या फितींची विक्री थांबवायचा अर्ज तिच्याकडे करता येऊ लागला. सदस्य कंपन्या ते पाळतात. चोरून चढवलेल्या प्रती, परदेशी सर्व्हर, कुणाच्या तरी हार्ड डिस्क यांना हे लागू नाही. ज्या मुलीने १९ व्या वर्षी दोन दिवस काम केलं, तिला ४० व्या वर्षी त्याच दोन दिवसांचा पाठलाग करावा लागतो.

१४. निवृत्तीनंतर काय करतात?

बहुतेक जणी नाहीशा होतात आणि तेच त्यांना हवं असतं. दुकान, नोकरी, संसार.

ज्या दिसत राहिल्या त्यांच्यात ईजिमा आई हे नाव पहिलं. १९९० च्या दशकात ती एव्हीतून टीव्हीवर गेली आणि घराघरांत पोचली, २००० मध्ये आलेल्या तिच्या आत्मकथनाच्या दहा लाखांहून जास्त प्रती खपल्या. २००७ मध्ये तिने मनोरंजन क्षेत्र सोडलं. डिसेंबर २००८ मध्ये टोकियोतल्या घरात ती मृतावस्थेत सापडली, वय ३६.

साकुरा माना २०१२ मध्ये आली ती तंत्रनिकेतनात शिकत असताना. तिच्या पहिल्या कादंबरीवर सिनेमा निघाला आणि पुढचं लेखन गंभीर साहित्याच्या पुरस्कारांच्या यादीत गेलं. सुझुकी सुझुमीने एव्हीत काम केलं, टोकियो विद्यापीठात याच विषयावर प्रबंध लिहिला, मोठ्या आर्थिक दैनिकात वार्ताहर झाली. २०१४ मध्ये एका साप्ताहिकाने तिचा भूतकाळ छापला. ती लिहीत राहिली आणि अकुतागावा या साहित्यातल्या मोठ्या पुरस्काराच्या अंतिम यादीत दोनदा आली. तिची आधीची ओळख बातम्यांच्या मथळ्यातून अजून जात नाही, हे मात्र खरं.

१५. जपानबाहेर यांना इतकी प्रसिद्धी कशी?

पायरसीमुळे, आणि काहींनी तिचा फायदा करून घेतला म्हणून. आओई सोराने एप्रिल २०१० मध्ये ट्विटर सुरू केलं तेव्हा चिनी तरुण सरकारी भिंत ओलांडून तिथे गोळा झाले. नोव्हेंबरमध्ये ती वेइबो या ट्विटरसारख्या चिनी संकेतस्थळावर गेली, पुढे अनुयायी एक कोटीच्या वर. तिथे तिला ‘त्सांग मास्तर’ म्हणतात (त्सांग हा तिच्या आडनावाचा चिनी उच्चार), आणि तिचं सुलेखनही गाजलं.

सगळीकडे असं स्वागत झालं नाही. ओझावा मारियाला घेऊन इंडोनेशियात सिनेमा ठरला तेव्हा धार्मिक संघटना रस्त्यावर आल्या आणि तिचा दौरा रद्द झाला. मिकामी युआच्या नव्या गायन गटाने (एसकेई४८ नव्हे) २०१८ मध्ये कोरियात पदार्पण केलं तेव्हाही विरोध झाला. सर्वांत गमतीदार प्रकार तैपेईचा. २०१५ मध्ये तिथल्या मेट्रो-बसच्या कार्डावर हातानो युईचा फोटो, पूर्ण कपड्यांतला, छापायचं ठरलं. नगरसेवक खवळले, दुकानांतून विक्री मागे घ्यावी लागली, मग फोनवरून नोंदणी घेतली आणि १५,००० संच काही तासांत पहाटेच संपले.

१६. पुरुष नटांचं काय?

ते फार थोडे आहेत आणि तेच ते चेहरे वर्षानुवर्षं दिसतात. शिमिकेन नावाच्या नटाने ट्विटरवर लिहिलं होतं की आमची संख्या बंगाली वाघांपेक्षा कमी आहे.

१७. नेटफ्लिक्सवरच्या मालिकेत दाखवलंय तसंच असतं का?

‘द नेकेड डायरेक्टर’ ही २०१९ ची मालिका मुरानिशी तोरु या १९८० च्या दशकातल्या दिग्दर्शकावर आहे. कॅसेटचा सुकाळ, हवाईतली अटक, अफाट कर्ज हे खरं. आजच्या धंद्याशी त्याचा संबंध मात्र थोडा. त्यातली नायिका ज्या अभिनेत्रीवर बेतली आहे तिने पुढे प्रसिद्धीपासून दूर राहायचं ठरवलं होतं आणि तिची संमती घेतली होती का, यावरून जपानमध्ये टीका झाली. तिचं नाव इथे मुद्दाम लिहिलेलं नाही.

१८. सनी लिओनीसारखं कोणी तिथे झालंय का?

सनी अमेरिकी उद्योगातून आली, २०११ मध्ये बिग बॉसमध्ये दिसली आणि मुंबईत स्थायिक झाली. जपानमध्ये टीव्हीवर जाणं अधिक जुनं आहे (ईजिमा आई, प्रश्न १४), पण मोठ्या व्यावसायिक सिनेमाची नायिका होणं तिथे अवघड. त्या बाबतीत हिंदी सिनेमा जास्त उदार निघाला असं म्हणावं लागेल.

१९. शाळेच्या गणवेशातल्या मुली दिसतात. त्या अल्पवयीन असतात का?

अधिकृत कंपन्यांच्या फितीत नाही. १८ वर्षांखालील व्यक्तीचं चित्रण हा १९९९ पासून गुन्हा आहे आणि २०१४ च्या दुरुस्तीने अशी चित्रं नुसती जवळ बाळगणंही गुन्हा ठरलं. वयाचा पुरावा कंपनीला तपासावा लागतो. गणवेश हा पोशाख आहे. तो आवडता पोशाख असावा याबद्दल जपानमध्येही अनेकांना शिसारी येते, मलाही.

२०. माझी भाची टोकियोत शिकते. तिला ‘पार्टटाइम मॉडेलिंग’ची विचारणा झाली आहे. काय करावं?

असा मजकूर पालकांकडून येतो, म्हणून शेवटी सविस्तर. विद्यार्थी व्हिसावर परवानगी घेऊन आठवड्याला २८ तास काम करता येतं, पण शरीर-मनोरंजनाच्या ठिकाणी नाही. तिथे नुसती भांडी घासली तरी नियमभंग होतो आणि व्हिसा धोक्यात येतो. त्यामुळे कामाचं स्वरूप लेखी मागायचं. पहिल्याच भेटीत ओळखपत्र हातात धरून फोटो काढायला सांगितलं, किंवा कागद घरी नेऊन वाचू देत नसतील, तर तिथून उठायचं. सही झाली असली तरी घाबरायचं कारण नाही, प्रश्न १० आणि ११ वाचा. व्हिसाच्या भीतीने गप्प बसू नये. लैंगिक हिंसा आणि एव्हीबाबतच्या तक्रारींसाठी जपानभर एकच छोटा क्रमांक आहे: आधी हॅशचं बटण, मग ८८९१. तो सर्वांत जवळच्या मदत केंद्राला जोडतो. भाचीची जपानी कच्ची असेल तर विद्यापीठाच्या परदेशी विद्यार्थी कक्षातल्या कोणाला तरी शेजारी बसवून फोन करायचा.